लीडरला माहीत नव्हतं

आमच्या आनंद नगरच्या घरात, बैठकीच्या भिंतीवर, एका हुकूमशहाचा चेहरा टांगलेला असे. तांब्याच्या थाळीवर ठोकून काढलेला. छातीवर बिल्ले, मान ताठ, नजर समोरच्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडे. वीज केंद्र सुरू झालं त्या समारंभात तिथल्या सरकारने ती थाळी बाबांना दिली होती. आईला ती आवडत नसे. ती कॅलेंडर असं लावायची की थाळी निम्मी झाकली जाई. बाबा ड्यूटीवरून आले की कॅलेंडर शेजारच्या खिळ्यावर सरकवायचे. यावरून त्यांच्यात कधी शब्दाला शब्द झालेला मला आठवत नाही.

बाबा भोपाळच्या मोठ्या कारखान्यात इंजिनीअर होते. नागपूरहून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. टर्बाइन उभी करणं हे त्यांचं काम. मी पाचवीत असताना कारखान्याने त्यांना परदेशातल्या एका साइटवर पाठवलं. समुद्राकाठी, वाळवंटात. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांतली काही माणसं अजून आहेत आणि मी त्यांना विचारलेलं नाही. एवढंच सांगते की त्या देशावर एकाच माणसाची सत्ता होती आणि ती खूप वर्षं टिकली. तिथले लोक त्याला लीडर म्हणत, म्हणून बाबाही लीडर म्हणत. अजूनही म्हणतात.

चार वर्षं बाबा तिथे होते. सुट्टीवर आले की आमच्याकडे शेजारपाजार जमायचा आणि बाबा सांगायचे. दुकानदार सोन्याचं दुकान उघडं टाकून जेवायला जातो. रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही. लीडरने पत्र्याच्या झोपड्यांतल्या लोकांना पक्की घरं दिली, वीज दिली, मुलींना शाळेत घातलं. आणि चोर, लाचखोर? बाबा स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवायचे. लोक म्हणायचे, "वा!" मीसुद्धा अभिमानाने ऐकायची. माझी निळी सायकल तिथून आली होती आणि पुढे आनंद नगरचं हे घरही त्याच कमाईतून उभं राहिलं.

मोठी झाले, वाचायला लागले, तेव्हा कळलं की त्या देशात माणसं नाहीशी होत. विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या आवारात फाशी देत आणि बाकीच्यांना ते बघायला उभं करत. मी बाबांशी भांडायला लागले. कॉलेजात होते तेव्हा तर रोज. बाबा कधी आवाज चढवत नसत.

"बेटा, तू वाचलंस. मी पाहिलंय."

"तुम्ही काय पाहिलंत? साइट आणि कँटीन!"

"सिस्टीम पाहिली. इथे काय आहे? आपल्या गावात गॅसने एवढी माणसं मेली. कोणाला साधा धक्का तरी लागला? तिथे असतं तर आठ दिवसांत चौकात लटकवलं असतं."

यावर माझ्याकडे उत्तर नसे. भोपाळमध्ये राहणाऱ्या कोणाकडे असेल असं मला वाटत नाही. गॅसच्या नुकसानभरपाईच्या रांगांत उभ्या राहून म्हाताऱ्या झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. बाबा त्या जागेवर बोट ठेवत. तरी मला वाटत असे की यात कुठेतरी लबाडी आहे. ती कुठे आहे ते मात्र सापडत नसे.

निवृत्तीनंतर बाबा रोज सकाळी कॉलनीच्या बागेत फिरायला जायचे. तिथे त्यांच्याच वयाचे सहा-सात जण बाकावर बसत. मी रविवारी शिवाजी नगरच्या माझ्या सरकारी क्वार्टरवरून बाबांकडे जायची आणि कधीकधी त्यांना बागेतून घेऊन यायची. बाबांचा लीडर त्या बाकावर सगळ्यांना पाठ होता. एक निवृत्त स्टोअरकीपर दर वेळी शेवटी म्हणायचे, "भाईसाब, अपने यहाँ भी ऐसा ही कोई चाहिए." ही सगळी साधी, पापभीरू माणसं. कोणी मुंगीवर पाय देणार नाही. घरी परत येताना बाबांची पावलं हलकी पडत.

मग एका वर्षी तो लीडर पडला. त्याच्याच लोकांनी त्याला रस्त्यावर मारला. टीव्हीवर ती थरथरती चित्रं दिवसभर चालली होती. मी ऑफिसातून बाबांकडे गेले. खरं सांगायचं तर मी जरा विजयाच्या भावनेनेच गेले होते. बाबा टीव्हीसमोर बसलेले होते आणि टीव्ही बंद होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. स्वतःचा भाऊ गेला तेव्हाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. आई ताट वाढून उभी होती.

"तुमचा कोण लागत होता तो?" आईने विचारलं.

"कोणी नाही," बाबा म्हणाले आणि जेवले नाहीत.

मी मनाशी ठरवलं की हे तरुणपणासाठीचं रडणं आहे. चाळिशीला टेकलेला इंजिनीअर, हाताखाली शंभर माणसं, स्वतः उभी केलेली दोन युनिटं. आपल्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं ज्याच्या राज्यात गेली त्याला वाईट म्हणायचं, तर ती वर्षंही वाईट म्हणावी लागतात. मला हे पटलं आणि मी पुन्हा त्यांच्याशी त्या विषयावर भांडले नाही. पुढे आई गेली. थाळी मग पूर्ण उघडी राहू लागली.

दोन वर्षांपूर्वी बाबा ऐंशीचे झाले. त्या दिवशी मी त्यांचा एक जुना फोटो फेसबुकवर टाकला. परदेशी साइटवर काम केलेल्यांच्या मुलाबाळांचा एक ग्रुप आहे, त्यावर. टर्बाइनच्या अर्धवट उभ्या सांगाड्यापुढे हेल्मेट घातलेले सहा जण. बाबा डावीकडून दुसरे. खाली मी साइटचं नाव आणि साल लिहिलं. पाच-सहा दिवसांनी एका अनोळखी बाईचा इंग्रजीतून निरोप आला. तुझ्या वडिलांच्या खांद्यावर ज्याचा हात आहे, ते माझे वडील. मी दीड वर्षाची असताना त्यांना नेलं. ते परत आले नाहीत. मला फक्त एवढंच हवं आहे की त्यांना कोणत्या दिवशी, कुठून नेलं. तुझ्या वडिलांना आठवत असेल का?

तो माणूस मला ठाऊक होता. म्हणजे, त्याचा आवाज मी एकदा ऐकला होता. गॅसची घटना घडली तेव्हा बाबा तिथेच होते. आमचं क्वार्टर कारखान्याच्या बाजूला होतं, वारा दुसरीकडे गेला, आम्ही वाचलो. पण हे बाबांना कळवणार कसं? रेडिओवर भोपाळचं नाव ऐकून बाबा तीन दिवस वेड्यासारखे झाले होते. चौथ्या दिवशी त्यांच्या तिथल्या जोडीदाराने, त्याच हुद्द्याच्या स्थानिक इंजिनीअरने, त्यांना आपल्या गाडीत घातलं. तीन तासांचा रस्ता तोडून बंदरावरच्या टेलिफोन ऑफिसात नेलं आणि फोन लागेपर्यंत दिवसभर त्यांच्याजवळ बसून राहिला. इकडे कारखान्याच्या ऑफिसात आईला बोलावलं. मी तिचा पदर धरून उभी होते. बाबांचा आवाज आला, "सगळे आहात ना?" आई म्हणाली, "आहोत." आणि त्यांच्या मागे कोणीतरी आनंदाने काहीतरी ओरडलं, इतक्या जोरात की ते मलाही ऐकू आलं. बाबा पुढे कित्येकदा ही गोष्ट सांगत. "माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद झाला होता," असं म्हणत. जोडीदाराचं पुढे काय झालं हे मात्र त्या गोष्टीत कधी नसे आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

रविवारी मी निरोप बाबांना वाचून दाखवला. ते फोटोकडे बघत राहिले.

"त्याची बदली झाली," ते म्हणाले.

"बाबा, ती म्हणते त्यांना नेलं."

"बदली झाली असं आम्हाला सांगितलं होतं."

"तुम्हाला खरं वाटलं?"

"साइटवर लोक येतात-जातात, बेटा." ते उठले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना मी नुकतंच पाणी घातलं होतं.

तिला काय लिहावं कळेना. बाबांना विचारते आहे, वय झालंय, थोडा वेळ दे, असं लिहिलं. तिने उत्तर दिलं, मी चाळीस वर्षं थांबले आहे, तुझ्या सोयीने कर. त्या वाक्याने मला जास्तच लाज वाटली.

त्यानंतर तीन महिने मी दर रविवारी विषय काढत होते आणि बाबा टाळत होते. कधी झोप येतेय, कधी बी.पी. वाढलंय. एकदा चिडून म्हणाले, "त्यानेच काहीतरी केलं असणार. उगाच कोणाला नेत नव्हते तिथे." ज्या माणसाने दिवसभर फोनसाठी त्यांच्याजवळ बसून काढला, त्याच्याबद्दल ते हे बोलले. मी पर्स उचलली आणि निघून आले. त्या रविवारी त्यांच्यासाठी केलेली भाजीही डब्यातून काढून ठेवली नाही.

हे सगळं लिहिताना मी फार शहाणी असल्यासारखं वाटत असेल तर सांगून टाकते. आमच्या ऑफिसात, मी सरकारी खात्यात नकाशे काढायचं काम करते, पूर्वी एक साहेब होते. ते फायली तोंडावर फेकत. एका वयस्क बाबूला त्यांनी उशिरा आल्याबद्दल मे महिन्यात दुपारभर पोर्चच्या बाहेर उन्हात उभं केलं होतं. आम्ही खिडकीतून बघत होतो. मीही बघत होते. आणि त्याच वेळी मनात हेही होतं की साहेब आल्यापासून काम वेळेत होतं, मंजुऱ्या अडत नाहीत, बाहेर आमच्या विभागाला मान आहे. साहेबांची बदली झाली तेव्हा निरोप समारंभात हार घालायला तोच बाबू पुढे आला आणि हार घालताना ढसाढसा रडला. "ऐसा अफसर फिर नहीं मिलेगा," म्हणाला. मी टाळ्या वाजवल्या. त्या बाबूला मी कधी विचारलं नाही की तुम्ही का रडलात. विचारलं असतं तर त्यांना तरी सांगता आलं असतं का, कोण जाणे.

पावसाळा संपता संपता बाबांनी स्वतःच फोन करून मला बोलावलं. गेले तर नेहमीच्या खुर्चीत न बसता जेवणाच्या टेबलाशी बसले होते.

"कंट्रोल रूममध्ये लीडरचा फोटो लावायचा होता," त्यांनी एकदम सुरुवात केली. "मोठा. दरवाजाएवढा. उद्घाटनाला मंत्री येणार होते. तो लावला मेन पॅनेलवर. त्याच्यामागे प्रेशरचे दोन गेज झाकले गेले. आम्ही जेवायला बसलो होतो, सहा जण, एकाच टेबलावर. जोडीदार म्हणाला, ह्यांना जरा बाजूला सरकवा, म्हणजे मशीन दिसेल."

"एवढंच?"

"एवढंच. आम्ही हसलो. मी जरा जास्त हसलो. बरोबरच बोलत होता ना तो. गेज झाकून मशीन कसं चालवणार?"

दुसऱ्या दिवशी बाकीच्या पाच जणांना एकेक करून साइट ऑफिसात बोलावलं. जोडीदार सोडून. बाबांपुढे एक टाइप केलेला कागद ठेवला, तिथल्या भाषेतला. बाबांना ती भाषा बोलायला थोडीफार येत होती, वाचता येत नव्हती. दुभाष्या म्हणाला, यात इतकंच लिहिलंय की तुम्ही त्या टेबलावर होता. सगळ्यांचे पासपोर्ट त्याच खोलीतल्या कपाटात होते. कपाट उघडं होतं.

"मी सही केली," बाबा म्हणाले. "सगळ्यांनीच केली. नंतर दुभाष्या म्हणाला, थँक यू, तुमच्यामुळे खात्री झाली."

"कसली खात्री?"

बाबा टेबलावरच्या प्लास्टिकच्या कव्हरची सुरकुती बोटाने सपाट करत बसले. मग म्हणाले, "पण हे लीडरपर्यंत गेलंच नसणार. खालचे लोक असतात ना, चमचे. त्यांचं काम हे. लीडरला माहीत असतं तर इंजिनीअर माणसाला सोडलं असतं त्याने. इंजिनीअरांची कदर होती त्याला."

तेव्हा मला थोडं कळलं. तरुणपणासाठीच्या रडण्याचा माझा सिद्धांत अर्धाच होता. लीडर चांगला असेल तर त्या टेबलावर काहीतरी चूक झाली, कागद खाली कुठेतरी अडकला, आणि बाबांची सही ही एका दुर्दैवी गडबडीतली सही. लीडर वाईट असेल तर मग ती सही काय होती? चाळीस वर्षं बाबा त्या माणसाची बाजू घेत होते ते त्याच्यासाठी नव्हतंच. मला बाबांची दया आली. रागही तितकाच आला. दोन्ही एकाच वेळी आलं की माणसाला काही करता येत नाही. मी चहा ठेवला.

"ती मुलगी फोनवर बोलेल का?" बाबांनी विचारलं. "दिवस मला आठवतो. दिवस सांगीन मी तिला."

पुढच्या रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल ठरला. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मी थाळी भिंतीवरून काढून आतल्या खोलीत पलंगावर ठेवली. बाबांनी पाहिलं. पडद्यावर ती आली. चाळिशी ओलांडलेली, केस कापलेले, वडिलांसारखं रुंद कपाळ. तिच्याशेजारी काळी शाल घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. तिची आई. आईला इंग्रजी येत नव्हतं, मुलगी मध्ये मध्ये सांगत होती.

बाबांनी सांगितलं. मंगळवार होता. दुपारचं जेवण. साध्या कपड्यांतले दोन जण कँटीनमध्ये आले. तो सूप पीत होता. त्याने चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि हेल्मेट माझ्याकडे दिलं, म्हणाला, हे सांभाळ, मी येतो. पांढरी जीप होती. दरवाज्यापर्यंत तो स्वतः चालत गेला, कोणी धरलं नव्हतं.

मुलगी लिहून घेत होती. लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "सूप?" बाबा म्हणाले, "डाळीचं." तिने तेही लिहून घेतलं.

सहीबद्दल बाबा बोलले नाहीत. मी वाट बघत होते. बोलतील असं दोनदा वाटलं.

तेवढ्यात मुलीने सगळं आईला समजावून सांगितलं आणि त्या बाई बोलायला लागल्या. भरभर, हात हलवत. मुलीचा चेहरा बदलला. ती सांगेना. बाबांना मात्र बरेचसे शब्द कळत होते. ते पुढे झुकले आणि मान हलवायला लागले.

"काय म्हणतात?" मी मुलीला विचारलं.

ती डोळे न उचलता म्हणाली, "ती म्हणते, लीडरला माहीत नव्हतं. ती त्याला दर वर्षी पत्र लिहायची. दर वर्षी, त्याच्या वाढदिवसाला. वाटेत कोणीतरी पत्रं अडवत होतं, म्हणते. तो मेला तेव्हा ती आठवडाभर अंथरुणातून उठली नाही."

"येस, येस," बाबा म्हणत होते. "ही डिड नॉट नो." मग त्यांच्या भाषेत तेच. बाईंनी दोन्ही हात आकाशाकडे केले. बाबांनी छातीवर हात ठेवला.

मी विचार करत होते की या बाईला त्याची बाजू घ्यायचं काय कारण? तिचा तर नवरा गेला. मग तिच्याकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं. नवऱ्याला परत देऊ शकेल असा साऱ्या देशात एकच माणूस होता. तो दुष्ट आहे असं मान्य केलं असतं तर पत्र कोणाला लिहिणार होती? तो मेला तेव्हा तिची शेवटची आशा मेली होती आणि ती त्याच्यासाठी रडली.

त्यानंतर ते दोघं थांबेचनात. बाईंनी विचारलं, तुम्ही बांधलेली युनिटं आठवतात का? तेव्हा दिवे जात नसत. आता सहा-सहा तास वीज नसते. पाव महाग झालाय. मुली एकट्या बाहेर जात नाहीत. बाबा म्हणाले, तेव्हा सोन्याची दुकानं उघडी असत. बाई हसल्या, उघडी, उघडी! ऐंशी वर्षांचा माझा बाप आणि पंच्याहत्तरीची ती बाई, एकाच्या सहीने दुसरीचा संसार मोडलेला, आणि दोघांच्या चेहऱ्यावर असा उजेड आला होता की जणू दोघांना आपलं हरवलेलं माहेर सापडलं होतं. आम्ही दोघी मुली पडद्याच्या कोपऱ्यातून एकमेकींकडे बघत होतो. तिच्या ओठांवर बोटं होती.

त्या संध्याकाळी मी तिला सहीचं लिहिलं. सगळं, कपाटासकट. बाबांना विचारलं नाही.  उत्तर दोन दिवसांनी आलं.

तिने लिहिलं होतं, मला अंदाज होता. त्या टेबलावरचे पाचही जण नंतर नोकरीवर राहिले, म्हणजे पाचही जणांनी काहीतरी दिलंच असणार. त्यांच्याऐवजी मी असते तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही. आईला मात्र हे कधी कळू देऊ नकोस. तिला तुझे वडील फार आवडले. पुन्हा कधी बोलणार, विचारते आहे.

मला वाटलं होतं की ती रागावेल, निदान दोन कठोर शब्द लिहील, आणि मग ते घेऊन मी बाबांसमोर जाईन. तसं काही हातात आलं नाही.

आता दर पंधरा दिवसांनी रविवारी ते दोघं बोलतात. बाबांना फोन लावता येत नाही, पडदा थरथरत्या बोटांनी भलतीकडेच सरकतो, म्हणून मी लावून देते. तिकडे ती लावून देते. बाबांनी थाळी स्वतः पुन्हा भिंतीवर टांगली आणि बाईंना फोनवर दाखवली. त्या शालीने डोळे टिपत होत्या. एकदा मी स्वयंपाकघरात उभी राहून बाबांना म्हणाले, "त्यांना सांगून टाका ना. एकदा. मोकळे व्हाल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहान मुलाला डॉक्टरकडे न्यायचं म्हटल्यावर ते ज्या नजरेने बघतं, तसं.

"ती बोलायची थांबेल," ते म्हणाले.

बागेतला बाक अजून भरतो. आता बाबांकडे सांगायला नवी गोष्ट आहे. तिकडची एक बाई, जिचा नवरा त्या काळात गेला, तीसुद्धा म्हणते की लीडरसारखा कोणी झाला नाही. आणखी काय पुरावा हवा? स्टोअरकीपर काका मान डोलावतात. गेल्या रविवारी तर नव्याने फिरायला येणारा एक तरुण, कानात इयरफोन घातलेला, ते काढून ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "अंकल, एकदम सही बात है."

मी तिथेच होते. बाबांची काठी माझ्या हातात होती. त्या मुलाला सांगावं असं मनात आलं, की थांब, ही गोष्ट अशी नाही, यात एक कागद आहे. पण ते सांगायला बाबांना सगळ्यांसमोर उघडं करावं लागलं असतं, आणि ते बाकावर बसून, उन्हात डोळे मिचकावत, माझ्याकडे बघून हसत होते. मी म्हटलं, "चला बाबा, ऊन वाढलं." मुलाने इयरफोन पुन्हा कानात घातला आणि तो पुढे निघून गेला.